वालचंदनगर, बंगळूर, कुर्ला : एकच माणूस, तीन करार

बर्लिन, पॅरिस किंवा ताल्लिनमध्ये दोन-तीन जणांनी मिळून एक छोटी कंपनी काढलेली असते. उत्पादन बरं चाललेलं असतं, पण पैसे संपत आलेले असतात. अशा वेळी सॅन फ्रान्सिस्कोहून बोलावणं येतं. वाय कॉम्बिनेटर हा २००५ साली सुरू झालेला ॲक्सिलरेटर, म्हणजे नवख्या कंपनीला थोडं भांडवल, तीनेक महिन्यांचं मार्गदर्शन आणि गुंतवणूकदारांच्या दारापर्यंतची वाट देणारी संस्था. २०२२पासूनचा त्यांचा ठरलेला सौदा साधारण असा : १ लाख २५ हजार डॉलर घ्या, बदल्यात कंपनीचा ७ टक्के हिस्सा द्या, वर आणखी ३ लाख ७५ हजार डॉलर, त्याचा हिस्सा पुढच्या गुंतवणुकीच्या वेळी ठरेल. युरोपातली कंपनी असेल तर बहुतेकदा अमेरिकेत, विशेषतः डेलावेअर राज्यात, नवी मूळ कंपनी नोंदवावी लागते आणि घरची कंपनी तिची पोटकंपनी होते.

जावं की नाही? यावर दोन ठरलेले सूर ऐकू येतात. एक म्हणतो, संधी दार ठोठावते तेव्हा टक्के मोजत बसू नये. दुसरा म्हणतो, ही तर गुलामी. दोन्ही बाजू ‘अमेरिका’ ही एकच अखंड वस्तू धरून बोलतात, हीच मला त्यातली अडचण वाटते. प्रत्यक्षात करारात निदान तीन वेगळ्या गोष्टींची देवाणघेवाण होत असते : ज्ञान, पैसा आणि निर्णयाचा हक्क. या तिन्ही एकाच पुडीत बांधून मिळतात की सुट्या मागता येतात, हा खरा संशोधनाचा प्रश्न. आणि तो तपासायला सिलिकॉन व्हॅलीत जायची गरज नाही. बारामतीहून तासाभराच्या आत पोचता येईल अशा ठिकाणी, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला, त्याचं नव्वद वर्षांपूर्वीचं उदाहरण उभं आहे.

मी मूळचा विज्ञानाचा. प्रयोगशाळेतली सवय अशी की एक घटक बदलायचा आणि बाकीचे शक्य तितके स्थिर ठेवायचे. इतिहासात असा प्रयोग करता येत नाही, पण कधीकधी इतिहासच जवळपास तशी मांडणी करून ठेवतो. वालचंद हिराचंद यांच्या बाबतीत तसं झालं. माणूस एक, काळ साधारण एकच (१९३० ते १९५०). आणि परदेशी ज्ञानाशी केलेले व्यवहार तीन वेगवेगळ्या अटींवरचे. सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. तुलनेसाठी दोन देश किंवा दोन शतकं घेण्याआधी, एकाच माणसाने वेगवेगळ्या अटींवर केलेली दोन-तीन कामं सापडतात का ते बघा. बरेच फापटपसारे घटक आपोआप गळतात.

वालचंद १८८२ साली सोलापुरात, गुजराती जैन कुटुंबात जन्मले. घरचा धंदा सावकारी आणि कापसा-धान्याचा. त्यात मन रमेना म्हणून रेल्वेतले एक कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर ते रेल्वेच्या ठेकेदारीत उतरले. या जोडीकडे बघण्यासारखं आहे : एकाकडे पत आणि पैसा, दुसऱ्याकडे टेंडर कसं भरतात, माती-मुरुमाचा दर कसा लावतात याची माहिती. म्हणजे वालचंद यांचा पहिलाच उद्योग ‘ज्ञान असलेला भागीदार’ घेऊन सुरू झाला. पुढे १९१९मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी आली, तिचं ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ला मुंबईहून लंडनला निघालं. जहाजाच्या धंद्यात ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून जे हाल केले, त्यातून ते एक गोष्ट पक्की शिकले असावेत असं मला वाटतं : माल, जहाज, खलाशी सगळं आपलं असूनही कुठल्या मार्गावर जायचं हे दुसरा ठरवत असेल तर त्याचा फार उपयोग नाही.

आता इंदापूर. नीरा नदीचा डावा कालवा हा १८७६-७८च्या दुष्काळानंतरचा. १८८५च्या सुमारास त्याचं पाणी बारामती-इंदापूरकडे वाहू लागलं. १९२८ला भाटघरचं मोठं धरण पूर्ण झालं तेव्हा पाण्याची खात्री वाढली. पण पाणी आहे म्हणून ऊस होत नाही, आणि ऊस आहे म्हणून साखर होत नाही. मधला दुवा म्हणजे बाजार. तो १९३२च्या साखर संरक्षण कायद्याने दिला. जावाच्या स्वस्त साखरेवर जबर आयात कर बसला आणि देशात कारखान्यांची लाट आली : १९३१-३२ साली आधुनिक पद्धतीचे ३२ कारखाने होते, १९३४-३५पर्यंत ते १३०च्या आसपास गेले. त्या लाटेत, १९३४ साली, मार्सलंड प्राइस या वालचंद गटाच्या कंपनीने इंदापूर तालुक्यातल्या कळंब गावी साखर कारखाना उभा केला. तेच पुढे वालचंदनगर. त्याच काळात त्यांचा मालेगावजवळ रावळगावचा कारखानाही उभा राहिला.

इथे परदेशी ज्ञान कुठून आलं ते नीट बघू. साखर कारखान्याची यंत्रं तेव्हा भारतात बनत नव्हती. ती ब्रिटन, हॉलंड, जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया इथून यायची. ऊससुद्धा बाहेरचा. दख्खनच्या कालव्यांवर त्या दशकात पसरलेलं ‘पीओजे २८७८’ हे वाण जावातल्या डच संशोधन केंद्रात तयार झालेलं. त्या अक्षरांचा अर्थच मुळी ‘पूर्व जावाचं प्रयोग केंद्र’ असा. ज्या जावाच्या साखरेला कर लावून अडवलं, त्याच जावाचं बेणं आपल्या सरीत लावलं! यात विनोद आहे, पण मुद्दाही आहे. बेणं एकदा मिळालं की त्याची कांडी तुम्हीच तोडता, तुम्हीच लावता; दर हंगामाला जावाची परवानगी लागत नाही. यंत्रही एकदा विकत घेतलं की तुमचं. निर्णय मात्र कळंबलाच. तोवर स्थानिक ज्ञानाचीही सोय होत होती : १९३२मध्ये नीरेच्या पलीकडे पाडेगावला ऊस संशोधन केंद्र सुरू झालं, आणि पुढे कोइमतूरच्या ‘को’ वाणांनी जावाच्या वाणांची जागा घेतली.

थोडक्यात कळंबचा करार म्हणजे ज्ञान विकत, पैसा स्वतःचा, निर्णय स्वतःचा. हे जमलं कारण साखरेचं तंत्र तेव्हा जुनं आणि खुलं झालेलं होतं, विकणारे अनेक होते. विकणारा एकच असता तर?

मोटार आणि विमान या दोन उद्योगांत जवळपास तेच झालं.

मोटारीची कल्पना मूळची सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची. १९३०च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी मुंबईसाठी मोटार कारखान्याची योजना तयार केली, त्यासाठी युरोप-अमेरिकेचा दौराही केला. वालचंद त्यात उतरले. त्या वेळी भारतात अमेरिकन मोटारी ‘बनत’ नव्हत्या, पण जोडल्या जात होत्या : जनरल मोटर्सचा मुंबईतला जोडणी कारखाना १९२८चा, आणि फोर्डची भारतीय कंपनी १९२६ची. सुटे भाग खोक्यांतून यायचे, इथे फक्त बोल्ट आवळायचे. वालचंद यांना भाग इथे बनवायचे होते. आता फोर्डच्या जागी बसून विचार करा. जोडणीतून नफा मिळतोच आहे, मग दुसऱ्याला बनवायला का शिकवायचं? शिवाय ब्रिटन सोडून साम्राज्यातल्या बहुतेक देशांचे फोर्डचे हक्क कॅनडातल्या फोर्ड कंपनीकडे होते. त्यामुळे डेट्रॉइटला केलेली विचारणा कॅनडाकडे वळली आणि तिथून पुढे सरकली नाही. क्रायस्लरला मात्र भारतात फोर्ड-जनरल मोटर्सइतकं गमवायला नव्हतं. १९४०मध्ये क्रायस्लरशी प्राथमिक करार झाला.

हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. भागीदार निवडताना ‘सर्वात मोठा कोण’ यापेक्षा ‘आपण वाढलो तर कोणाचं नुकसान होत नाही’ हा प्रश्न जास्त कामाचा ठरला. एखाद्या युरोपियन संस्थापकाने अमेरिकन ॲक्सिलरेटरची यादी चाळताना हा प्रश्न विचारला तर यादी बरीच आखूड होईल.

आता विमान. ही गोष्ट इतकी चित्तवेधक आहे की तिच्याचमुळे विश्लेषण मागे पडतं. १९३९ साली अमेरिकेहून परतताना, प्रशांत महासागरावरून जाणाऱ्या विमानात वालचंद यांची विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थाशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमान जोडणीचा कारखाना चालवत होता. दोघांचं जमलं, आणि २३ डिसेंबर १९४०ला बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी नोंदली गेली. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल दिलं, दिवाण मिर्झा इस्माइल पाठीशी उभे राहिले, पॉलीच्या इंटरकॉन्टिनेंटल कंपनीकडून यंत्रं, नकाशे आणि तंत्रज्ञ आले. १९४१मध्ये हार्लो जातीचं शिकाऊ विमान तिथून उडालंही. अशा गतीला आजच्या भाषेत ‘ॲक्सिलरेटर’च म्हणावं लागेल.

बहुतेक लेख ‘विमानातली भेट’ इथेच रमतात. मला विचाराल तर ती भेट या गोष्टीतला सर्वात कमी महत्त्वाचा भाग. पॉलीला घाई का होती ते बघा. चिनी-ब्रह्मी सरहद्दीवर लोइविंग इथे असलेल्या त्याच्या कारखान्यावर ऑक्टोबर १९४०मध्ये जपान्यांनी बॉम्ब टाकले. त्याला सुरक्षित जागा हवी होती, वालचंद यांना तंत्र हवं होतं. दोघांची गरज एकमेकांत बसली, म्हणून काम वेगाने झालं.

पण तिसरा घटक, निर्णयाचा हक्क, कोणाकडे होता? मला वाटतं, तो ना वालचंदांकडे होता ना पॉलीकडे. विमान विकत घेणारा गिऱ्हाईक एकच : भारत सरकार, म्हणजे ब्रिटिश सरकार. १९४१मध्ये सरकार स्वतःच कंपनीत भागधारक झालं. फेब्रुवारी १९४२मध्ये सिंगापूर पडलं, एप्रिलमध्ये कोलंबोवर जपानी विमानं आली, आणि त्याच महिन्यात सरकारने वालचंद यांचा हिस्सा विकत घेऊन कारभार हातात घेतला. १९४३मध्ये तर कारखाना अमेरिकन सैन्याच्या हवाई दलाकडे दुरुस्ती-केंद्र म्हणून सोपवला गेला. भागीदार म्हणून आणलेली अमेरिका अशी दुसऱ्याच दाराने मालक होऊन आली, आणि ज्याने हे सगळं जमवलं तो बाहेर. स्वातंत्र्यानंतर हा कारखाना भारत सरकारचा झाला आणि १९६४मध्ये त्यातूनच हिंदुस्तान एअरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल, आकाराला आली. देशाला फायदा झाला की नाही? झालाच. पण संस्थापकाच्या दृष्टीने बघायचं तर हिस्सा किती टक्के यापेक्षा गिऱ्हाईक किती, याने निकाल लावला. करारात टक्के लिहिलेले असतात. गिऱ्हाईक किती ते करारात लिहिलेलं नसतं. म्हणून नुसती करारपत्रं वाचणारा संशोधक इथे फसू शकतो.

मोटारीकडे परत येऊ, कारण तिचा शेवट वेगळा झाला. मोटार कारखाना युद्धाच्या गरजेचा नाही अशी भूमिका घेऊन दिल्ली सरकारने युद्धकाळात पाठिंबा दिला नाही. तेव्हा हा अन्याय वाटला असणार. पण जरा उलटून बघा : युद्धाच्या कामाचा नाही म्हणून तो कारखाना कोणी ताब्यातही घेतला नाही. प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४मध्ये उभी राहिली, १९४७पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लर गटाच्या डॉज, प्लीमथ, डी सोटो गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवात जोडणीनेच झाली, भाग बनवणं टप्प्याटप्प्याने आलं. मग १९५३मध्ये भारत सरकारने धोरण ठरवलं की ज्यांच्याकडे इथे उत्पादन करण्याचा आराखडा आहे त्यांनीच राहायचं. नुसती जोडणी करणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्सनी गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली, आणि तिने पुढे मुख्य भागीदारच बदलला : इटलीची फियाट. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी ही त्या बदलाची लेक. परवाना घेतलेला होता, मालकी दिलेली नव्हती, म्हणून भागीदार बदलता आला. एप्रिल १९५३मध्ये वालचंद गेले, त्यामुळे यातला बराच भाग त्यांनी पाहिला नाही.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, म्हणजे कळंबचा नमुना उत्तम, बंगळूरचा वाईट. इतकं सोपं असतं तर पीएचडीची गरज नव्हती. प्रश्न असा की कळंबला ‘छोटा पक्ष’ कोण होता? आपण आत्तापर्यंत वालचंद यांना छोटा पक्ष धरलं, कारण समोर फोर्ड आणि सरकार होतं. पण कळंबच्या शेतकऱ्याच्या जागेवरून पाहिलं तर बाहेरून भांडवल, यंत्र आणि ज्ञान घेऊन आलेला बडा पक्ष म्हणजे कंपनीच. साखर कंपन्यांनी उसाच्या मळ्यांसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. शेतकऱ्याला वर्षाचा ठरलेला खंड मिळायचा. पाणी आलेल्या जमिनीची वाढलेली किंमत, उसाचा नफा, काय पेरायचं हा निर्णय, सगळं कंपनीकडे. कोरडवाहू जमिनीला हमखास पैसे मिळतात म्हणून खंड देणारा मूर्ख नव्हता; दुष्काळी भागात तो शहाणपणाचाच निर्णय वाटला असेल. नेमकं हेच मला त्या पैसे संपत आलेल्या युरोपियन संस्थापकात दिसतं.

पुढे काय झालं? १९६१च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कंपन्यांकडच्या या जमिनी सरकारकडे गेल्या आणि १९६३मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे आल्या. वालचंदनगर आणि रत्नपुरी हे त्यातलेच इंदापूर तालुक्यातले मळे. जमीन कंपनीकडून निघाली, पण मूळ मालकाकडे गेली नाही. खंडकरी शेतकऱ्यांचा लढा कित्येक दशकं चालला. या शतकात कायद्यात दुरुस्त्या होऊन त्यांच्या वारसांना जमिनी मिळू लागल्या. आजोबांनी काही वर्षांसाठी म्हणून दिलेली जमीन नातवाच्या सातबाऱ्यावर परत यायची, तीही पूर्ण नाही. करारातून बाहेर पडण्याची वाट कशी आहे हे सही करताना दिसत नाही, याचं याहून ठसठशीत उदाहरण मला जिल्ह्यात दुसरं माहीत नाही.

हे ऐकून सध्याची बातमी आठवेल. परदेशात मूळ कंपनी नोंदवलेल्या भारतीय स्टार्टअप आता घरी परतताहेत. वाय कॉम्बिनेटरमधूनच पुढे आलेल्या ग्रोने २०२४मध्ये मूळ कंपनी अमेरिकेतून भारतात आणली, तेव्हा सुमारे १,३४० कोटी रुपये कर भरावा लागला. जाताना दार सताड उघडं असतं, परतताना त्याच दाराला टोलनाका लागतो.

कंपनी आणि खंड या दोघांना उत्तर म्हणून राज्यात तिसरा मार्गही निघाला. प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा करून १९५०मध्ये पहिला गळीत हंगाम घेतला, आणि पुढच्या काळात बारामती-इंदापुरात माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, सोमेश्वर असे कारखाने उभे राहिले. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. त्यात पुढे काय राजकारण शिरलं ते इथल्या कुणालाही सांगायला नको! पण रचना म्हणून बघा : यंत्र विकत, ज्ञान विकत, मालकी ऊस पिकवणाऱ्याची. आणि यंत्र? ते परदेशातूनच आणायची गरज कमी होत गेली, कारण १९५०च्या दशकापासून वालचंदनगरचा कारखाना स्वतःच साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनवू लागला. आज तिथे इस्रोच्या रॉकेटच्या मोटारींची आवरणंही बनतात. बाहेरून यंत्र आणणाऱ्या जागेने यंत्र देणारी जागा व्हायला साधारण वीस-पंचवीस वर्षं लागली. तीन महिन्यांत हे होत नाही.

या प्रश्नाची पुढची फेरी बारामतीतच सुरू झाली आहे. अप्पासाहेब पवारांच्या पुढाकाराने १९७१मध्ये सुरू झालेल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या तंत्रावर उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालवला आहे, त्यात ऑक्सफर्डशी संबंधित संशोधकही आहेत. उपग्रहाची चित्रं, हवामान केंद्र आणि जमिनीतले सेन्सर यांची माहिती एकत्र करून पाणी कधी द्यायचं, खत किती टाकायचं ते शेतकऱ्याला मोबाइलवर कळतं. जानेवारी २०२५मध्ये सत्या नडेला यांनी त्याचा जाहीर उल्लेख केला. ट्रस्टकडे शेतीतल्या स्टार्टअपसाठी अटल इनक्युबेशन केंद्रही आहे, म्हणजे आपल्या गावचा ॲक्सिलरेटरच म्हणा.

यावर एमएस्सीनंतर काम करायची इच्छा असलेल्यांसाठी विषय तयार आहे. उत्पादन किती टक्के वाढलं हे मोजणारे पुष्कळ असतील. कमी लोक विचारतील तो प्रश्न वालचंदनगरचा आहे : शेतातून गोळा झालेली माहिती ही जावाच्या बेण्यासारखी आहे, म्हणजे एकदा हातात आली की आपली, की खंडाने दिलेल्या जमिनीसारखी? शेतकऱ्याने उद्या सेवा बंद केली तर त्याच्या गटाच्या पाच हंगामांच्या नोंदी त्याला मिळतात का, आणि मिळाल्या तर दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला वाचता येतील अशा रूपात मिळतात का? सुरुवात करायची तर सेवेच्या अटींचा कागद मिळवा, आणि त्याच्या शेजारी इंदापूरचा एखादा जुना खंडपत्राचा दस्त ठेवून दोन्हीतली ‘मुदत’ आणि ‘परत करणे’ ही कलमं आधी वाचा.